घरातल्या तिघींना एकच डबी? सोया आयसोफ्लेवोनच्या गोळ्या आणि बाईचे हार्मोन्स

करवीरकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मैत्रिणींनो. मी कोल्हापुरात, राजारामपुरीच्या बाजूला, औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. बी.फार्म. झालेय, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाच्या तब्येतीचा निकाल मी इथे देणार नाही. पण एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडतेय आणि गप्प बसवत नाही.

सोया आयसोफ्लेवोन, रेड क्लोव्हर (एक गवतवर्गी वनस्पती), "हर्बल हार्मोन बॅलन्स" अशा नावांच्या गोळ्या मागायला बायका येतात. हातात चिठ्ठी नसते, मोबाईलमध्ये डबीचा फोटो असतो. भिशीत कुणीतरी सांगितलेलं असतं. सासूबाईंची पाळी जायला आलीय, अंगातून वाफा निघतात, म्हणून डबी नेतात. मग त्यातलीच गोळी सून पीसीओएससाठी (हार्मोन बिघडून पाळी लांबते तो त्रास) सुरू करते आणि कॉलेजातली नणंद केस गळतात म्हणून. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "झाडपाल्याचंच हाय की, काय हुतंय त्यानं?"

होतं. थोडं होतं, पण होतं, आणि तिघींच्या शरीरात तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात. म्हणून हा धागा.

आधी हे आहे काय ते. शिरोळ-हातकणंगल्याकडे दिवाळीच्या आगेमागे जे सोयाबीन मळून निघतं, त्याच दाण्यात जेनिस्टीन, डेडझीन आणि थोडं ग्लायसिटीन असतं. या तिघांना मिळून आयसोफ्लेवोन म्हणतात. त्यांच्या रेणूची ठेवण आपल्या अंडाशयात तयार होणाऱ्या इस्ट्राडिओलशी, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनशी, मिळतीजुळती आहे, म्हणून ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर (पेशीतली हार्मोन बसायची जागा) जाऊन बसतात. हे रिसेप्टर दोन जातींचे, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध तर १९९६ मध्ये लागला. गर्भपिशवीच्या अस्तरात अल्फाचं चालतं, अंडाशयात बीटा भरपूर. सोयाचे रेणू बीटाला जास्त धरतात, आणि त्यांचा जोर इस्ट्राडिओलच्या मानाने फारच कमी, शेकडो पटींनी कमी.

मग कमी जोराचं असून फरक कसा पडतो? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं समजा. रुमाल काही प्रवास करत नाही, पण ज्याला बसायचं होतं त्याला उभं राहावं लागतं. पाळी चालू असलेल्या बाईत स्वतःचं इस्ट्रोजेन भरपूर असतं, तिथे हा पाहुणा जागा अडवू शकतो. पाळी गेलेल्या बाईत इस्ट्रोजेनच आटलेलं असतं, तिथे तोच पाहुणा थोडंसं इस्ट्रोजेनसारखं काम करतो. एकाच गोळीचे दोन घरांत दोन परिणाम होण्यामागचं एक मोठं कारण हेच.

वनस्पतीतल्या इस्ट्रोजेनचा दणका पहिल्यांदा लक्षात आला तो मेंढ्यांमुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात एका जातीचं क्लोव्हर गवत चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतातल्या फॉर्मोनोनेटिनचं मेंढीच्या पोटात डेडझीन आणि पुढे इक्वॉल होत होतं. मेंढी दिवसभर तेच चरते, आपण नाही, त्यामुळे "सोयाने वांझपण येतं" असा अर्थ कृपा करून काढू नका. पण झाडपाला प्रजननसंस्थेपर्यंत पोचतो, एवढं त्या मेंढ्यांनी दाखवून दिलं.

बायकांवरचा गाजलेला प्रयोग १९९४ चा, इंग्लंडमधला. कॅसिडी, बिंगहॅम आणि सेटचेल यांनी नियमित पाळी असलेल्या सहा जणींना महिनाभर रोज ६० ग्रॅम सोया प्रोटीन दिलं, त्यात ४५ मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन होतं. पाळीचा पहिला टप्पा, म्हणजे बीज सुटण्याआधीचा काळ, लांबला. पाळी उशिरा आली. महिन्याच्या मध्यावर मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच या बीज पिकवणाऱ्या-सोडवणाऱ्या हार्मोन्सची जी उसळी येते ती दबली. आता सहा बायका म्हणजे फार लहान प्रयोग. पुढे २००९ मध्ये अशा ४७ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. पाळी चालू असलेल्या बायकांत एफएसएच आणि एलएच साधारण २० टक्क्यांनी उतरलेले दिसले, पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाने लांबलं. इस्ट्राडिओलमध्ये मात्र ठोस फरक नाही. पाळी गेलेल्या बायकांत या हार्मोन्सवर म्हणण्यासारखा परिणामच नाही.

म्हणजे कुणी "याने तुझं इस्ट्रोजेन वाढेल" असं सांगत असेल तर रक्ताच्या रिपोर्टात ते दिसत नाही. आणि कुणी "याने काहीच होत नाही" म्हणत असेल तर पाळीच्या तारखेला विचारा.

तुमचे अनुभव, प्रश्न लिहा. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगेन.

शिरोळची_लेक

ताई, चांगलं लिहिलंय, पण आता माझ्या जिवाला घोर लागला बघा. आमच्याकडं दोन एकर सोयाबीन असतंय दरसाल. घरात चपातीच्या पिठात सोयाबीन दळून घालतो, पोरांना वड्यांचा रस्सा आवडतो, तेल तर सोयाबीनचंच. आता हे सगळं बंद करू काय?

करवीरकाठ

अगं नाही, बंद कशाला करतेस? नीट सांगते.

तेलाची काळजीच सोड. आयसोफ्लेवोन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. वाळलेल्या १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम असतं. तू दहा किलो गव्हाला अर्धा-एक किलो सोयाबीन घालत असशील, तर दिवसाच्या चपात्यांतून पोटात जाणारं फार थोडं. वड्यांच्या रश्श्यात एकीच्या वाटणीला २५ ग्रॅम सुक्या वड्या आल्या तर २५ ते ४० मिलिग्रॅम जाऊ शकतं, पण वड्या तू रोज करत नाहीस. टोफूच्या १०० ग्रॅममध्ये २०-३० धरायचं.

शिवाय जेवणातलं सोया प्रोटीनसकट, चोथ्यासकट येतं आणि पोट भरलं की हात थांबतो. गोळीत नेमका अर्क असतो आणि ती रोज, न चुकता, महिनोन्महिने घेतली जाते. माझी काळजी या दुसऱ्या गोष्टीची आहे. फक्त कच्चं सोयाबीन खाऊ नका, त्यातला एक घटक प्रोटीन पचू देत नाही. भाजून दळलं की तो बराच निकामी होतो.

जास्वंद_कसबाबावडा

मी पन्नाशीच्या अलीकडची. रात्री घामाने उशी ओली होते, वाफा येतात, चिडचिड तर विचारूच नका. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या नको म्हणून आयसोफ्लेवोनच लिहून दिलंय. दोन महिने होत आले. मला थोडा फरक वाटतो. माझ्या जावेला मात्र काडीचा फरक नाही, तिने डबी फेकून दिली. असं का?

करवीरकाठ

काकू, तुम्ही चिठ्ठीवर घेताय ही सगळ्यात चांगली गोष्ट.

वाफांसाठी याचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. २०१२ च्या एका एकत्रित आढाव्यात रोज साधारण ५४ मिलिग्रॅमने वाफांची संख्या खोट्या (तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या) गोळीच्या मानाने २० टक्क्यांच्या आसपास जास्त कमी झाली, तीव्रता २६ टक्क्यांनी. हार्मोनच्या गोळीइतका हा आकडा मोठा नाही, पण ज्यांना ती चालत नाही त्यांना आधार वाटण्याइतका आहे. आणि उतार पडायला आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत सोडून दिलं तर काहीच कळत नाही.

जाऊबाईंचं कारण त्यांच्या आतड्यात असू शकतं. डेडझीनपासून इक्वॉल नावाचा पदार्थ आपण स्वतः बनवत नाही, आतड्यातले जंतू बनवतात. हे इक्वॉल १९३२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रात पहिल्यांदा सापडलं होतं. ते मूळच्या डेडझीनपेक्षा जास्त जोराचं. पण सगळ्यांच्या पोटात ते जंतू नसतात. युरोप-अमेरिकेत चौघांतल्या एखाद्यालाच जमतं, जपान-कोरियात निम्म्याहून जास्त लोकांना, आणि शाकाहाऱ्यांत प्रमाण जास्त दिसतं. ज्यांना जमत नाही त्यांना फायदा कमी होतो असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. त्यात अँटिबायोटिकचा कोर्स झाला की इक्वॉल तयार होणं आणखी मंदावतं. तेव्हा दोन जावा, एक डबी, दोन निकाल, यात नवल नाही.

प्रसूतिगृह_इचलकरंजी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. धागाकर्तीने नेमकं लिहिलंय, त्यात माझी भर.

जास्वंदताई, गोळी चालू असताना किंवा नसताना, पाळी पूर्ण थांबून वर्ष उलटल्यावर एक डाग जरी लागला तरी सोनोग्राफी करून घ्यायची. "गोळीमुळे असेल, बंद करून बघू" असं म्हणत महिने घालवायचे नाहीत. अस्तराची जाडी मोजायची, गरज वाटली तर तुकडा तपासायला पाठवायचा.

याला कारण आहे. २००४ मध्ये इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या बायकांना पाच वर्षं रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन दिलं. अडीच वर्षांपर्यंत गर्भपिशवीच्या अस्तरात काही वावगं नव्हतं. पाच वर्षांनी १५४ पैकी सहा जणींचं अस्तर वाढलेलं निघालं, खोट्या गोळीच्या गटात एकीचंही नाही. कर्करोग कुणालाच नव्हता. दुसरीकडे २०१५ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळा पुरावा तपासून सांगितलं की पाळी गेलेल्या बायकांत रोज ३५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंतच्या गोळ्यांनी स्तन, गर्भपिशवी किंवा थायरॉईडवर वाईट परिणाम दिसत नाही. पण तो निष्कर्ष गर्भपिशवीच्या बाबतीत तीन वर्षांच्या वापरापुरता आहे, आणि तो पाळी चालू असलेल्या मुलींसाठी नाही. हे शेवटचं वाक्य कुणी वाचत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बायका या गोळ्या "औषध" या खात्यात धरतच नाहीत. काय काय चालू आहे विचारलं की बीपीची सांगतात, साखरेची सांगतात, ही राहते. आत्ता वाचताय तर पुढच्या वेळी डबीच सोबत घेऊन या.

सायली_पीसीओएस

ताई, त्या धाग्यातली "सून" म्हणजे मीच समजा. २७ वर्षांची आहे. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हनुवटीवर केस, वजन उतरत नाही. सासूबाई घेतात तीच गोळी मी घेते कारण नेटवर वाचलं की पीसीओएसमध्ये याने इन्शुलिन सुधारतं. तेही खोटं आहे का? आणि पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे.

करवीरकाठ

सायली, खोटं नाही. अर्धं आहे.

२०१६ मध्ये इराणमधला एक अभ्यास आला. पीसीओएस असलेल्या ७० जणी, निम्म्यांना रोज ५० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेवोन, १२ आठवडे. गोळी घेणाऱ्यांत इन्शुलिन आणि इन्शुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्शुलिनला दाद देत नाही त्याचा) आकडा उतरला, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरले, मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा अंदाज देणारा आकडाही उतरला, आणि एसएचबीजी वाढलं. हे एसएचबीजी म्हणजे यकृतात तयार होणारं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन. पीसीओएसमध्ये इन्शुलिन चढलेलं असलं की यकृत ते कमी बनवतं, मग टेस्टोस्टेरॉन मोकळं फिरतं आणि हनुवटीवर केस येतात. म्हणजे तुझ्या वजनाचा, पाळीचा आणि केसांचा धागा एकच आहे, तो इन्शुलिनमधून जातो.

आता उरलेलं अर्धं. हा अभ्यास लहान आहे, तीन महिन्यांचा आहे, आणि त्यात मोजलं ते रक्तातले आकडे. बीज सुटलं का, दिवस गेले का, हा त्याचा विषय नव्हता. तुझी पाळी आधीच लांबतेय आणि वर मी लिहिलंय तसं या गोळ्या एलएच-एफएसएचला थोडं दाबतात. पीसीओएसमध्ये एलएच चढलेलं असतं म्हणून काहींना ते फायद्याचंही ठरत असेल, पण तुझ्या बाबतीत काय होईल हे तुझे रिपोर्ट न बघता मी सोड, कुणीच सांगू शकत नाही. बाळाचा विचार असेल तर हे स्वतःच्या मनाने चालू ठेवू नकोस. डॉक्टरांना आजच सांग.

आणि वजनासाठी म्हणून घेत असशील तर त्याची आशा सोड. रोज भरभर चालणं आणि रात्रीचं जेवण लवकर उरकणं यानं इन्शुलिनला जो आराम मिळतो त्याच्या जवळपासही ही गोळी जात नाही. तुला रंकाळा जवळ असेल तर एक फेरी धर.

प्रसूतिगृह_इचलकरंजी

सायली, वरच्या उत्तराला माझं अनुमोदन. गोळी थांबव आणि आधी तुझ्या डॉक्टरांकडून पीसीओएसचं नीट निदान करून घे. पाळी अनियमित आणि वजन जास्त एवढ्यावर पीसीओएसचा शिक्का बसत नाही. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) बघितल्याशिवाय तर नाहीच.

गडहिंग्लजकर_वहिनी

थायरॉईडचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझं टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, थायरॉईड मंदावलं की चढतो) चढतं, रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेते. भिशीतल्या एकीने सोया पावडर दिली, नाश्त्याला दुधातून घ्यायला. थायरॉईडच्या गोळीनंतर अर्ध्या तासाने घेते. गेल्या तपासणीत टीएसएच पुन्हा वर गेलंय, डॉक्टरांनी डोस वाढवला. याचा संबंध असेल?

करवीरकाठ

वहिनी, असू शकतो. सोया थायरॉईडची गोळी आतड्यातून शोषू देत नाही. गोळी पोटात जाते, रक्तात पुरती उतरत नाही. दोन्हीमध्ये किमान चार तास पाहिजेत. सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि सोया घ्यायचंच असेल तर दुपारी किंवा रात्री. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांना सोयाचं कळलं असतं तर बरं झालं असतं. आता अचानक पावडर बंद केलीत तर वाढवलेला डोस जास्त होऊन छातीत धडधड होऊ शकते, म्हणून त्यांना फोन करूनच काय ते ठरवा आणि टीएसएच कधी बघायचं तेही त्यांनाच विचारा.

ज्यांचं थायरॉईड काठावर आहे, म्हणजे टीएसएच थोडं चढलेलं पण अजून गोळी सुरू नाही, त्यांनीही जपायचं. २०११ मध्ये अशा ६० जणांवर अभ्यास झाला. रोज फक्त १६ मिलिग्रॅम फायटोइस्ट्रोजेन (वनस्पतीतलं इस्ट्रोजेन) आठ आठवडे, आणि त्यातल्या सहा जणांचं थायरॉईड पूर्ण मंदावलं. त्याच अभ्यासात त्यांचं बीपी आणि इन्शुलिन रेझिस्टन्स मात्र सुधारलं होतं! एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. त्यामुळे "फायदा होतो का" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

झुळूक_७८

मी इथे नेहमी वाचते, आज लिहावंसं वाटलं. मीच भिशीत अशी पावडर देते, दुसऱ्या कंपनीची. मला कुणाला फसवायचं नाही. माझ्याकडून घेणाऱ्या बायकांना बरं वाटलेलं मी बघितलंय. आपल्या आज्या जवस, तीळ, मेथी, शतावरी खात होत्याच की. तुम्ही सगळ्या मिळून बायकांना घाबरवताय असं वाटतं.

करवीरकाठ

झुळूकताई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत हे फार आवडलं. तुमच्यावर राग नाही, तुमच्याशीच बोलायची गरज होती.

जवसाबद्दल तर तुमच्या बाजूने बोलते. जवसात लिग्नन नावाचे, इस्ट्रोजेनसारखे वागणारे घटक असतात, आतड्यातले जंतू त्यांचं एंटेरोलॅक्टोन करतात. १९९३ मध्ये अमेरिकेत नियमित पाळी असलेल्या १८ जणींना रोज १० ग्रॅम जवसाची पूड दिली. बीज सुटल्यानंतरचा टप्पा साडेअकराच्या आसपासचा साडेबारा दिवसांवर गेला, आणि बीज न सुटता गेलेली चक्रंही त्या काळात दिसली नाहीत. १० ग्रॅम म्हणजे चमचाभर पूड, आपली जवसाची चटणी दोन घास जास्त. सोया पहिला टप्पा लांबवतो, जवस दुसरा, दोन्ही "वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन" आणि चाल वेगळी. मला हे वाचून फार नवल वाटलं होतं.

मेथीतल्या डायोस्जेनिनपासून कारखान्यात हार्मोन बनवता येतं हे खरं, पण आपल्या शरीरात ते होत नाही. ज्येष्ठमध रोज जास्त घेतलं तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि ते अशा बऱ्याच मिश्रणांत असतं. बीपीच्या बाईला ते देणं धोक्याचं आहे.

आज्यांचं म्हणाल तर त्या जवस चटणीतून खात होत्या, गूळपापडीला मेथी लावत होत्या. कुणी त्यांचा अर्क काढून गोळीत भरून देत नव्हतं.

माझी तुम्हाला एवढीच विनंती. डबी देण्याआधी चार गोष्टी विचारा. पाळी चालू आहे का, थायरॉईड आहे का, दिवस गेलेत किंवा राहायचा विचार आहे का, आणि स्तनाच्या किंवा गर्भपिशवीच्या कर्करोगाचा घरात किंवा स्वतःला इतिहास आहे का. एकालाही हो असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि डबीवर बघा, अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांवर "औषधी वापरासाठी नाही" असं छापणं आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत सक्तीचं आहे. ते वाक्य बायकांना दाखवा.

झुळूक_७८

पाळी चालू असेल तरी विचारायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये "सर्व वयोगटांसाठी" असंच होतं. डबी काढून बघितली, ते वाक्य आहे, तळाशी. ज्यांना दिलंय त्यांना फोन करते.

पन्हाळ्याचा_वारा

माझी आई स्तनाच्या कर्करोगातून बरी झालीय, टॅमोक्सिफेन (इस्ट्रोजेनला अडवणारं औषध) चालू आहे. तिला सोया अजिबात वर्ज्य का?

प्रसूतिगृह_इचलकरंजी

जेवणातलं सोया वर्ज्य नाही. शांघायमध्ये स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या ५,०४२ बायकांचा मागोवा घेतला गेला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जेवणातून सोया जास्त खाणाऱ्यांत मृत्यू आणि आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण ते टोफू, सोया दूध असं अन्न होतं. अर्काच्या गोळ्या टॅमोक्सिफेनबरोबर तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आमटीत वड्या पडल्या तर घाबरायचं कारण नाही.

मंगळवारपेठ_तालीम

बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्या तालमीतली पोरं सोया वड्या खात नाहीत, म्हणतात "बाईपण येतंय". खरं काय?

करवीरकाठ

दादा, पुरुषांवरच्या अभ्यासांचे एकत्रित आढावे २०१० आणि २०२१ मध्ये निघाले, टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. पोरांना खुशाल खाऊ द्या.

जास्वंद_कसबाबावडा

माझ्या डॉक्टरांनी हाडांसाठीही चांगलं आहे म्हणून सांगितलं होतं. तेही बरोबर ना?

करवीरकाठ

काकू, इथे दोन चांगल्या अभ्यासांची तोंडं दोन दिशांना आहेत. २००७ मध्ये इटलीत ३८९ बायकांना दोन वर्षं रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दिलं, हाडांची घनता वाढली. २०११ मध्ये अमेरिकेत २४८ जणींना दोन वर्षं रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन दिलं, हाडांना काही फायदा नाही, वाफाही कमी झाल्या नाहीत. इटलीत नुसतं जेनिस्टीन होतं, अमेरिकेत मिश्रण. त्यामुळे डोस वाढवला की फायदा वाढतो असा हिशेब इथे चालत नाही. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणं यावर भर ठेवा, गोळी वाफांसाठी आहे असं समजून घ्या.

शिरोळची_लेक

ताई, ह्या डब्यांवर किती मिलिग्रॅम हाय ते कसं वाचायचं? आमच्या नणंदेच्या डबीवर १०० लिवलंय.

करवीरकाठ

हा फार कामाचा प्रश्न. आत्ता काउंटरवरची एक डबी हातात घेऊनच लिहितेय, नाव लिहीत नाही. पुढच्या बाजूला ठळक "सोया आयसोफ्लेवोन १०० मिग्रॅ". फिरवून मागे बघितलं तर बारीक अक्षरात "सोया अर्क, ४० टक्के आयसोफ्लेवोन". म्हणजे गोळीत १०० मिलिग्रॅम अर्क, त्यातलं कामाचं ४०. त्याच्याखाली कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बायोटिन. दुसऱ्या डबीवर टक्केवारीच नाही, तिथे खरा डोस कळायला मार्गच नाही. अशी डबी मी तरी घेऊ नका असंच सांगते.

आणखी एक मेख. आयसोफ्लेवोन साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं तेव्हा त्याचं वजन जास्त भरतं, पोटात साखर सुटली की खरं आयसोफ्लेवोन उरतं. साखरेसकटचे १६ मिलिग्रॅम म्हणजे सुटं साधारण १०. अभ्यासातले आकडे बहुतेक सुट्याचे असतात, डबीवरचे कधी या हिशेबात, कधी त्या. नणंदेला डबीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून तिच्या डॉक्टरांना पाठवायला सांग.

सायली_पीसीओएस

मी परवा डॉक्टरांकडे जातेय, गोळी कालपासून बंद. सासूबाईंना सांगितलं, त्यांचीही डबी घेऊन जाणार आहे. त्यांना वाफांसाठी चालू ठेवायची का तेही विचारू. माझ्या डबीतही बायोटिन आहे, ताईंनी लिहिल्यावर बघितलं. त्याचा काही त्रास?

करवीरकाठ

त्रास तब्येतीला नाही, रिपोर्टला आहे. जास्त डोसचं बायोटिन रक्तात असताना बऱ्याच लॅबच्या मशीनवर थायरॉईड आणि हार्मोनचे आकडे चुकीचे येतात, टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद पाहिजे, आणि रक्त देताना लॅबवाल्यांना सांगायचं की घेत होते. तू कालच थांबवलंयस, परवापर्यंत होऊन जाईल. एफएसएच-एलएच लिहून दिलं तर ते पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी द्यायचं असतं. तुझी पाळी लांबलेली आहे तेव्हा वाट बघायची की आधी करायचं ते डॉक्टर ठरवतील. साखर आणि इन्शुलिन उपाशीपोटी. रिपोर्ट आले की इथे आकडे टाकू नकोस, फक्त कशी आहेस ते लिही.